मेंढरांच्या गेमला मार्क किती?

खंड्या,

काल सुरेखा वहिनींनी तुझ्या दुकानाचं शटर उघडलं. नेहमीसारखं ते अर्ध्यावर अडकलं. तू मारायचास तशी मी खालून एक लाथ मारून बघितली, पण ती नेमकी कुठं मारायची हे तुलाच ठाऊक होतं. शेवटी आम्ही दोघं वाकून आत शिरलो. आत वार्निशचा वास तसाच होता. तांब्याच्या तारेची रिळं, पोट उघडून ठेवलेली पाण्याची एक मोटार, तिच्यावर खडूनं लिहिलेलं गिऱ्हाइकाचं नाव. आणि कोपऱ्यात तो जुना टीव्ही, त्याच्यावर टॉवेल. त्या टॉवेलाखाली आणखी काय आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी तिकडं बघायचं टाळत होतो.

तुझा दहावा झाला आणि लगेच दुकानाचा विषय निघाला. आमच्या वारूळवाडीतलाच एक जण तिथं मोबाईलचं दुकान टाकणार आहे. वायंडिंगचं मशीन, हत्यारं तुमच्या भावकीत जातील. राहता राहिला टीव्ही आणि आपला व्हिडिओ गेम. वहिनींनी टॉवेल काढून घडी केली आणि मला विचारलं, "भाऊजी, हे भंगारात घालू का घरी न्हेऊ? जागेचं काय न्हाई, घर मोकळंच पडलंय. पण ठिवायचं तर कशासाठी ठिवायचं ते मला कळाय पायजे. तुमी मास्तर माणूस, खरं सांगा. ह्या गेममधी काय चांगलं हाये, का नुसतं तुमच्या दोघांचं लहानपण?"

तू असतास तर हसून लोळला असतास. ज्या प्रश्नावर आपण दोघं केस पिकेपर्यंत भांडलो, तो वहिनींनी उभ्या उभ्या विचारला. आणि उत्तर द्यायला मी एकटा. तुझ्या बाजूनं बोलायला तू नाहीस, आणि माझ्या बाजूनं बोलायची माझी इच्छा नाही.

सुरुवात आबांपासून झाली, हे तूही कबूल करायचास. तुझ्या मामानं दिवाळीला तो व्हिडिओ गेम आणून दिला आणि येडगावभर बातमी झाली. मी वारूळवाडीहून कालव्याच्या कडेनं सायकल मारत आलो होतो. पहिल्या दिवशी मी तुमच्या उंबऱ्यापाशीच बसलो. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या घरी गेल्यावर कुठं बसायचं हे आमच्या घरात न सांगताच शिकवलं जायचं. तुझे आजोबा, आबा, मागं भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "तितनं काय दिसतंय तुला? ये घोंगडीवर." मी घोंगडीवर आलो, आणि त्यानंतर ती जागा माझीच झाली.

कॅसेटवर चित्र मोटारगाडीचं होतं आणि आत गाडी औषधालासुद्धा नव्हती. यादीत शेकडो नावं, खेळ मात्र दहा-बारा, तेच ते फिरून फिरून यायचे. आपल्याला एक सापडला, त्याचं नाव कुठल्या तरी परक्या लिपीत होतं. हिरवं माळरान, त्यावर टोपी घातलेला एक बुटका माणूस. एक बटण दाबलं की तो उडी मारायचा, दुसरं दाबलं की दगड फेकायचा. समोरून पांढरी, गुबगुबीत, काळ्या पायांची जनावरं यायची. तू पहिल्याच जनावराला दगड घातलास, ते फुस्स करून नाहीसं झालं, वर आकडा वाढला, आपण ओरडलो. आणि मागून आबांचा आवाज आला.

"आरं, मेंढरं मारता व्हय रं? कुणाची हायेत ती?"

तू म्हणालास, "आबा, गेम हाये ह्यो." आबा म्हणाले, "आसंल. पर मेंढरं राखायची आसत्यात." तुमच्या घरी तेव्हाही वाघरीत, म्हणजे मेंढरांच्या दोरीच्या जाळीत, थोडी मेंढरं होतीच. जाळीत राखायची आणि टीव्हीत मारायची हे आबांच्या डोक्यात बसेना. त्यांच्यापुढं आपली काय टाप होती? दगडाचं बटण त्या दिवशी बंद झालं ते कायमचं.

मग खरा खेळ सुरू झाला. तूच शोधून काढलंस की त्यांच्यावरून उडी मारून पलीकडं गेलं आणि मागून हळूहळू चाललं, की ती वळतात आणि पुढं चालायला लागतात. घाई केली तर फुटतात, इकडं तिकडं होतात. मग दोघांचा खेळ लावून एकानं पुढं राहायचं आणि एकानं मागून हाकायचं. "तू म्होरं, मी मागं," हे तुझं ठरलेलं. पुढच्याला अक्कल लागत नाही, नुसतं चालायचं असतं, असं तुझं म्हणणं होतं. माळाच्या शेवटाला एक दार होतं. त्यातून टोपीवाला गेला की पुढचा माळ यायचा. आपण आधी मेंढरं दारातून घालायचो, ती आत गेली की दिसेनाशी व्हायची. आपल्या हिशेबी ती घरी पोचली. मार्क शून्य, आणि आपण जग जिंकल्यासारखे.

आणि ती शेवटची. सगळी मेंढरं एका वेळी पडद्यावर आली की शेवटची एक लुकलुकायची. दिसायची, नाहीशी व्हायची, परत दिसायची, आणि त्या नादात मागं पडायची. आज मला माहीत आहे की त्या स्वस्तातल्या यंत्राला इतकी चित्रं एकदम पेलायची नाहीत, म्हणून ते व्हायचं. पण आबा बघून म्हणाले होते, "ती मागली लंगडतीया. दमानं घ्या." झालं, ती लंगडी ठरली. तिच्यासाठी थांबलं की वेळ संपायची आणि टोपीवाला आडवा पडायचा. तिला सोडलं तर पुढं जाता यायचं. तू एकदाही सोडलं नाहीस. मी चिडायचो, रिमोट आपटायचो, "अरे सोड तिला!" म्हणून ओरडायचो. तू फक्त म्हणायचास, "लाव परत."

खरं सांगतो खंड्या, इतक्या वर्षांत आपण ती एकदाही दारातून घातली नाही.

मग मी शिकायला पुण्याला गेलो, तू मोटारी बांधायला लागलास. आबा गेले. टीव्ही घरातून दुकानात आला. तू त्या गेमच्या डब्याला इतक्या वेळा सोल्डरचे डाग दिलेस की आत मूळचं काय उरलं असेल कोण जाणे. मी मंचरच्या शाळेत लागलो आणि रविवारी तुझ्याकडं यायला लागलो. तुझ्या भाषेत मला सगळ्याला मार्क द्यायची खोड लागली. वडापावला मार्क, सरपंचाच्या भाषणाला मार्क. एका रविवारी मी आपल्या गेमला पण दिले. चित्रं पाच, आवाज तीन, नियम शून्य, कारण नियम आपणच बनवलेले. ग्रेस देऊनही पास होत नाही, म्हणालो. तू सोल्डरिंगचं काम न थांबवता म्हणालास, "पेपर तपासणाराच नापास हाये."

आणि मग जुन्नरच्या स्टँडवरचा तो चहा. लेण्याद्रीहून परत येत होतो आपण. मोबाईलवर मला अचानक आपल्या गेमचा व्हिडिओ सापडला. कुणीतरी परदेशी माणूस तो खेळत होता आणि सटासट दगड घालून पांढरी जनावरं उडवत होता. खाली लिहिलं होतं की हा अगदी सुमार खेळ, आणि ती जनावरं नाहीत, ढगांची भुतं आहेत. मला कोण आनंद झाला होता! "बघ," म्हणालो, "भुतं! आयुष्यभर भुतं राखली आपण." तू बशी खाली ठेवलीस, सगळा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलास, अगदी मन लावून. मग म्हणालास, "त्याला राखता येत न्हाईत, म्हून मारतोय."

त्या दिवसापासून भांडणाला धार आली. मी तुला 'स्मरणरंजन' हा शब्द शिकवला. म्हणालो, माणसाला जुनं आठवताना गोड वाटतं, आणि तो गोडवा तो त्या वस्तूला चिकटवतो. तुला गेम आवडत नाही, तुला दिवाळीची सुट्टी आवडते, आबा आवडतात, घोंगडी आवडते. तू म्हणालास, "मग इमानाचा गेम का न्हाई आवडत?"

इथं मी अडकलो, हे आज लिहून देतो. त्याच कॅसेटमधला विमानाचा गेम लहानपणी तुझा जीव की प्राण होता. मोठेपणी तू तो लावलास आणि चहा थंड व्हायच्या आत बंद केलास. "ह्यो गेला," म्हणालास, अगदी एखादं बेअरिंग गेलं म्हणतात तसं. "लहानपणच जर चांगलं करत आसतं राव, तर ह्यो पण चांगला झाला आसता. तीच सुट्टी, तीच घोंगडी." मी म्हणालो, विमानाच्या गेमला आबा नव्हते. तर तू म्हणालास, "व्हते की. इमान लावलं की लई शिव्या घालायचे."

पण मी का हटत नव्हतो, हे तुला नीट कधी सांगितलं नाही. आमचे दादा, माझे वडील, कुणी 'जुने दिवस किती चांगले' म्हणालं की शांतपणे विचारायचे, "कुणाचे?" बस, एवढंच. त्यांच्या लहानपणी गावात पाणी कुठं आणि कसं प्यायचं हे ठरलेलं होतं, आणि माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली ती ते दिवस मागं टाकायलाच. मी त्या घरात वाढलो. जुन्याची गोडी कुणी फार लावली की माझ्या अंगावर काटा येतो. म्हणून मी स्वतःच्या लहानपणालाही सूट द्यायला तयार नव्हतो.

यातलं थोडंसं एकदा तुझ्यापुढं बोललो होतो. तू हातातला तारेचा वेढा पुरा केलास. मग म्हणालास, "जुनं समदं चांगलं व्हतं आसं मी कुटं म्हणतोय, मिल्या? लई वंगाळ पण व्हतं. मेंढरांचा गेम चांगला व्हता, येवडंच म्हणतोय." तेव्हा मी काहीतरी थट्टा करून विषय बदलला. आज त्या वाक्याबद्दल तुझे आभार मानतो. एवढ्या वर्षांत मला कुणी इतकं बरोबर वेगळं करून दाखवलं नव्हतं: काय टाकायचं, आणि काय टाकायचं नाही.

आपला शेवटचा रविवार असाच भांडणात गेला. मी तेच तेच बोलत होतो, तू कॅसेटमध्ये फुंकर मारत होतास. एकदम थांबलास आणि म्हणालास, "मिल्या, मला कळलं. ह्यो गेम चांगला का हाये ते मला कळलं." मी म्हणालो, बोल. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. कुणाचीतरी विहिरीतली मोटार बंद पडली होती आणि टोमॅटो पाण्याला आला होता. तू पक्कड खिशात घातलीस, त्याच्या मागं बसलास आणि जाता जाता ओरडलास, "रविवारी सांगतो!"

पुढचा रविवार आला तेव्हा तू नव्हतास. काय सांगणार होतास तू? दहाव्याला कुकडीच्या काठावर सगळे कावळ्याची वाट बघत उभे होते. मी मनातल्या मनात तुला एवढंच विचारत होतो, आणि मला स्वतःचीच लाज वाटत होती, की माणूस गेलाय आणि आपल्याला गेमचं पडलंय.

पण खंड्या, ते नुसतं गेमचं नव्हतं रे. मला भीती निराळी वाटत होती. आपल्या दोघांत मोठेपणी उरलं काय होतं? तू मोटारींत, मी वह्यांत. तुझी माणसं वेगळी, माझी वेगळी. तो टीव्ही चालू नसता तर आपण एकमेकांशी काय बोललो असतो? गेम जर नुसता जुना म्हणून गोड असेल, तर आपली दोस्ती तरी दुसरं काय होती? दोन पोरांची सवय, वय वाढलं तरी न सुटलेली? जे मार्क मी गेमला देत होतो, तेच दोस्तीला लागू होत होते, आणि तू गेल्यावर हे माझ्या ध्यानात आलं. म्हणून टॉवेलाकडं बघवत नव्हतं. एकट्यानं गेम लावला आणि तो खरंच सुमार निघाला तर मी कुठं जाऊ?

तर काल वहिनींनी तो प्रश्न विचारला. मी म्हणालो, "वहिनी, माझं खरं मानू नका. मी बोललो तरी त्यात तो येणार आणि मी येणार. तुम्ही एकदा खेळून बघा, आणि तुम्हीच सांगा."

"मी?" वहिनी म्हणाल्या. "माज्या हातात कदी दिला का तुमी त्यो रिमोट?"

नाही दिला. त्या जेवणाचा डबा घेऊन दुकानात यायच्या, तो ठेवून जायच्या. मी विचारलं, "खंड्या घरी या गेमचं काय सांगायचा?" त्या म्हणाल्या, "काय सांगत्यात? मी इचारलं तर म्हणायचे, पोरांचं हाये. आन हसायचे." म्हणजे तू आपलं भांडण घरी नेत नव्हतास. मला बरं वाटलं.

मी कॅसेटमध्ये फुंकर मारली. टीव्हीवर मुंग्या आल्या, दोनदा वायर हलवली आणि ते हिरवं माळरान आलं. मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं. मेंढरं म्हणायचं नाही, भुतं म्हणायचं नाही, काय करायचं तेही सांगायचं नाही. दोन खेळाडू लावले. वहिनी तुझ्या स्टुलावर बसल्या. "हे दाबलं की उडी, हे दाबलं की दगड," मी एवढंच म्हणालो.

त्यांनी एक उडी मारून बघितली. एक दगड मोकळ्या माळावर फेकून बघितला. मग समोरून ती पांढरी जनावरं यायला लागली. वहिनींचा अंगठा दगडाच्या बटणावर होता. मी त्या अंगठ्याकडं बघत होतो, आमच्या दहावीच्या निकालाकडं कुणी बघितलं नसेल असं.

त्यांनी अंगठा उचलला.

"आगं बया, मेंढरं!" म्हणाल्या आणि हसल्या. तू गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मग पदर सावरून पुढं सरकल्या आणि मला विचारलं, "भाऊजी, ह्यांना कुटं न्ह्यायचंय?"

ऐकलंस ना खंड्या? कुठं न्यायचंय! मारायचं का, हा प्रश्नच त्यांना पडला नाही. मी म्हणालो, "दारातून. घरी." त्या म्हणाल्या, "मग तुमी म्होरं व्हा, मी मागनं येते." आणि एक उडी मारून मागं गेल्या, हळूहळू हाकायला लागल्या, जीभ टाळूला लावून तोंडानं मेंढरं हाकायचा आवाज काढत, टीव्हीला ऐकू जावा म्हणून.

माझ्यातला मास्तर लगेच हरकत घ्यायला उभा राहिला, तुला माहीतच आहे. वहिनींचं माहेर तिकडं आंबेगावातलं, त्यांचे वडील अजून मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. लहानपणी त्याही कळपामागून चालल्यात. म्हणजे आठवण इथंही आलीच की! आली. पण ही कॅसेट त्यांच्या आठवणीत नव्हती, आबा नव्हते, आपली सुट्टी नव्हती, तू आणि मी नव्हतो. त्यांनी त्यांचं लहानपण त्यात घातलं आणि गेमनं ते सामावून घेतलं. विमानाच्या गेमात हे कुणालाच करता आलं नसतं. तू कदाचित हेच सांगणार होतास. कदाचित नसशीलही. तुझं वाक्य मी पुरं करत नाही, ते तुझंच राहू दे. पण भांडण तू जिंकलास, हे मी इथं लेखी देतो. आणि त्यातच दोस्तीबद्दलच्या माझ्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. नुसती सवय असती तर ती लहानपणाबरोबरच, विमानाच्या गेमसारखी, सुटली असती. आपण मोठेपणी पण ती मेंढरं राखत राहिलो, दर रविवारी, कुणी सांगितलं नसताना. तू नसतास तर मी आयुष्यभर दगडच मारत बसलो असतो, मार्कांसाठी. मला तुझी फार आठवण येते रे.

दुपार टळून गेली होती. रस्त्यावरून जाणारे वाकून शटरखालून आत बघत होते की ही दोन मोठी माणसं अंधारात करतायत काय. आम्ही दारापर्यंत पोचलो. एकेक मेंढरू आत गेलं. शेवटची मागं, लुकलुकत, दिसतेय, नाही, दिसतेय. वहिनी थांबल्या. वर वेळ सरत चालली होती. मी दाराच्या तोंडाशी उभा. मी म्हणालो, "वहिनी, वेळ संपतेय. तिला सोडलं की पुढं जाता येतं."

"पाय दुकतोय तिचा," वहिनी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "सोडायची कशी?"

वेळ संपली. दोन्ही टोपीवाले आडवे झाले. ती रडकी ट्यून वाजली. वहिनींनी डोळे पुसले, रिमोटची वायर सरळ केली आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या,

"लावा परत. ती मागं राह्यली."